काहील

समुद्र मी बाविसाव्या वर्षी पाहिला,
मंगळूरच्या धक्क्यावर, हातात नोकरीचा कागद.
पण माझा पहिला समुद्र चार दिवसांचा होता,
कारदग्याच्या शिवारात दूधगंगेनं मांडलेला,
चहाच्या रंगाचा.
मी तेरा वर्षांचा. नाव पायगोंडा.

आमच्या गुऱ्हाळाची काहील ठिगळ मारायला गावात आणलेली,
देवळामागं पालथी पडलेली.
निपाणीच्या लोहारानं बुडाला पत्रा ठोकलेला, सात रिव्हेटी.
आणि तिकडं, पाण्यापलीकडं, गुऱ्हाळाच्या छपरावर
बसाप्पा, आमचा जळव्या, अथणीकडचा,
सगळा हंगाम चुलवाणात चिपाडं सारून
भुवया जळालेला.
त्याला मी भ्यायचो. तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.
त्याला मराठी येतं का, हेही कुणी विचारलं नव्हतं.

मोठी माणसं म्हणाली, सदलग्याहून बोट येईल.
दुपार झाली. बोट सदलग्यातच अडकली म्हणे.
दादांनी तिसऱ्यांदा तंबाखू मळली
आणि मी काहील सुलटी केली.

गोल भांड्याला नाक नसतं, हे मला पाण्यात कळलं.
फावडी डावीकडं मारली की ते उजवीकडं फिरतं,
उजवीकडं मारली की फिरतच राहतं.
देऊळ गेलं, कारखान्याची चिमणी आली,
चिमणी गेली, आईची हाक आली,
पुन्हा देऊळ.
उसाच्या शेंड्यांना वेढे घालून बसलेल्या धामणी
माझ्याकडं बघत होत्या,
न सांगता आलेल्या पाहुण्याकडं बघावं तशा.
विजेच्या तारा हातभर वर. लाईट गेलेली होती.
गेलेली असावी, असं मी धरून चाललो.
खाली कुठंतरी हद्दीचा दगड होता,
ज्याच्यापायी मोर्चे निघत, एसट्या अडत.
त्याच्यावर आता पुरुषभर पाणी, आणि वर मी,
कुठल्या राज्यात, ते सांगता येत नाही.

मग ओढ्याची धार लागली.
बाकीचं पाणी बडबडत होतं, ही गप्प.
तिनं फावडी काढून घेतली,
लहान पोराच्या हातातली विळी काढून घ्यावी इतकी सहज.
मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही.
छपरावरून आवाज आला,
"अंजब्याड, तम्मा! अंजब्याड!"
भिऊ नको, एवढं कानडी आमच्याकडं पाळण्यातल्यालाही कळतं.
मागोमाग कासरा आला. एकदा चुकला.
दुसऱ्यांदा माझ्या तोंडावरच बसला,
आणि मी तो दातांनी धरला.

बसाप्पा उतरला, दोन कोंबड्या बगलेत.
काहिलीत बसल्यावर पहिली गोष्ट त्यानं ही केली
की तो मला हसला नाही.
छपराची फळी उचकटून आणली होती, तिचं वल्हं केलं
आणि दाखवलं. बाजूला मारायचं नाही.
पुढं हात घालून पाणी आपल्याकडं ओढायचं,
ताटातला भात ओढतात तसं.
"हिंग," तो म्हणाला. असं.

निम्म्या वाटेत माझ्या पायाला गार लागलं.
सातवी रिव्हेट गळत होती.
मी तिच्यावर अंगठा ठेवला.
तो ओढत राहिला, मी दाबून राहिलो,
कोंबड्या एकमेकींना टोचत राहिल्या.
काठावर मागच्या हंगामाची करपलेली काकवी होती.
पावसानं भिजून तिला वास सुटलेला,
गुळाचा, भर पुरात.

आईनं आधी थोबाडीत मारली. मग कोंबड्या मोजल्या.
दादा काही बोलले नाहीत.
चहा आला तेव्हा कप चार होते.
एक दादांनी घेतला, एक भरमू काकांनी,
एक बसाप्पाला दिला,
आणि चौथा बराच वेळ कुणी उचललाच नाही,
म्हणून मी उचलला.

आता जहाजावरची नवी पोरं विचारतात,
काका, पहिल्यांदा पाण्यावर कधी गेलात?
मी सांगतो. ती हसतात. हसू देत.
इंजिनाच्या खोलीत कुठं पाणी झिरपलं
की ती औजारांकडं धावतात.
माझा अंगठा आधी जातो.